हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर: एन्क्रिप्शन आणि सिम्युलेशन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एम्बेडेड उपकरणं तपासण्याचं काम करताना हे प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतात. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, उपकरणात गुप्त किल्ली तयार करणारे. दुसरे, माँटे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे रँडम अंक वापरून संगणकावर केलेले आभासी प्रयोग, चालवणारे विद्यार्थी. रँडम अंक दोघांनाही हवेत, पण गरज इतकी वेगळी आहे की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याने पाळला तर त्याचं कामच बिघडतं. म्हणून इथे उत्तरं एकत्र दिली असली, तरी कुणाला काय लागू पडतं ते जागोजागी सांगितलं आहे.

हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर म्हणजे नक्की काय?

प्रोग्रॅम तोच आणि सुरुवातीची स्थितीही तीच असेल, तर संगणक दर वेळी तेच उत्तर देतो. त्याच्यावर आपला सगळा भरवसा आहे तो याच गुणामुळे. पण म्हणूनच नुसता प्रोग्रॅम लिहून अनिश्चितता निर्माण करता येत नाही, ती बाहेरून आणावी लागते. रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेने होणारी चुळबुळ, उलटं व्होल्टेज दिलेल्या जंक्शनमधला ॲव्हलांश नॉईज, रिंग ऑसिलेटरच्या (स्वतःच ठोके देत राहणाऱ्या सर्किटच्या) ठोक्यांमधली बारीक थरथर, किरणोत्सर्गी अणूचं विघटन, अर्धपारदर्शक आरशावर येणारा फोटॉन. यातलं काहीतरी मोजायचं आणि त्याचे शून्य-एक करायचे.

अशा यंत्राचे तीन भाग असतात: नॉईजचा उगम, त्या उगमावर सतत नजर ठेवणाऱ्या चाचण्या, आणि कच्च्या बिटांमधली अनिश्चितता एकवटणारी प्रक्रिया, जिला कंडिशनिंग म्हणतात. जाहिरातीत कौतुक होतं पहिल्या भागाचं. माझ्या मते विकत घेताना आधी दुसऱ्या भागाची चौकशी करावी. उगम कधीतरी बिघडणारच, तो बिघडला हे यंत्राला कळतं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. संगणकाच्या आधी संख्याशास्त्रज्ञ छापील तक्ते वापरायचे. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतून ४१,६०० अंक उचलून असा तक्ता केला होता. अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनने १९४७ मध्ये इलेक्ट्रॉनिक रूलेटसारखं यंत्र बांधून अंक काढले आणि १९५५ मध्ये त्यातले दहा लाख अंक पुस्तकरूपाने छापले. १९५१ च्या फेरांटी मार्क १ या संगणकात तर ॲलन ट्युरिंग यांच्या आग्रहावरून विद्युत नॉईजमधून अंक देणारी खास सूचनाच होती.

प्रत्येक अंक हार्डवेअरमधूनच घ्यायचा का?

नाही. हार्डवेअरमधून सीड, म्हणजे सुरुवातीचा अंक घ्यायचा, साधारण २५६ बिटांची खरी अनिश्चितता असलेला. तिथून पुढे क्रिप्टोग्राफिक जनरेटर नावाचा प्रोग्रॅम हवे तेवढे अंक काढतो. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, तसंच हे. विरजण चांगलं असेल तर हार्डवेअर हळू असल्याने काही बिघडत नाही.

उलट बाजू अशी, की सीडमध्ये जेवढी अनिश्चितता आहे त्यापेक्षा जास्त पुढे कधीच मिळत नाही. पंधरा बिटांचं सीड दिलं आणि त्यातून २०४८ बिटांची भव्य किल्ली काढली, तरी शक्य किल्ल्या ३२,७६८ च राहतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली एन्क्रिप्शनच्या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या काही ओळी काढून टाकल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं एक साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. नेमक्या त्याच ओळी अनिश्चितता गोळा करत होत्या. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो ३२,७६८ पेक्षा जास्त प्रकारचा होऊ शकत नव्हता. मे २००८ मध्ये हे उघड झालं. तोपर्यंत जवळपास दोन वर्षं अनेक सर्व्हरांच्या किल्ल्या अशा बनल्या होत्या की कुणीही सगळ्या शक्यता एका यादीत लिहून ठेवाव्यात.

हार्डवेअर जनरेटर असूनही किल्ल्या फुटल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

तैवानने नागरिकांना डिजिटल सहीसाठी स्मार्टकार्डं दिली. किल्ली कार्डाच्या आतच, हार्डवेअर जनरेटरच्या मदतीने तयार व्हायची. कार्डांना अमेरिकेच्या फिप्स १४०-२ मानकाचं प्रमाणपत्र होतं. २०१३ मध्ये संशोधकांनी वीस लाखांहून अधिक १०२४-बिट सार्वजनिक किल्ल्या तपासल्या आणि त्यातल्या १८४ फोडून दाखवल्या.

त्यातल्या निम्म्याहून अधिक कशा फुटल्या हे शाळेतल्या गणितावर कळतं. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीची सार्वजनिक किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार जाहीर असतो, अवयव गुप्त. तो एकटा गुणाकार फोडणं फार अवघड आहे. पण दोन कार्डांना चुकून एक मूळ संख्या सारखीच मिळाली, तर दोन्ही गुणाकारांचा मसावि काढला की झालं. मसावि काढायला संगणकाला क्षणभरही लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळा सापडलेली मूळ संख्या तब्बल ४६ किल्ल्यांत होती. ती संख्या सोळाच्या पायात लिहून पाहिली की अंगावर काटा येतो: सुरुवातीला एक ‘सी’, मग शून्य, शून्य, शून्य… आणि अगदी शेवटी २एफ९. अर्थ सरळ आहे. वरचे दोन बिट प्रोग्रॅम नेहमीच १ करतो. बाकी सगळी जागा जनरेटरने शून्यांनी भरली. मग प्रोग्रॅमने शहाण्यासारखी त्यापुढची पहिली मूळ संख्या शोधली आणि तीच नागरिकाच्या कार्डात ठेवली. इतर काही संख्यांत ठरावीक बिटांची नक्षी पुन्हा पुन्हा उमटलेली होती, म्हणजे नॉईजचा उगम लयीत अडकला होता. या दोन्ही गोष्टी साध्या चाचणीने कार्डातच पकडता आल्या असत्या. ‘एकच किंमत ओळीने किती वेळा आली’ एवढं मोजायला काही डझन ओळींचा कोड पुरतो.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासात संपूर्ण इंटरनेट धुंडाळून टीएलएस (वेबवरची सुरक्षित जोडणी) वापरणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या आरएसए गुप्त किल्ल्या अशाच मसावि काढून मिळाल्या होत्या. त्यात बहुतेक राउटर, फायरवॉल अशी छोटी उपकरणं होती. पहिल्यांदा चालू झाल्याबरोबर, आत पुरेशी अनिश्चितता जमण्याआधीच, ती किल्ली बनवून मोकळी होत होती.

आलेले अंक चाचणीत उत्तीर्ण झाले की जनरेटर चांगला, असं म्हणता येईल का?

नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण रँडम अंकांची होत नाही. सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत महागात पडणारा आहे.

एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत घ्या. किल्ली सगळी शून्य ठेवा आणि ०, १, २, ३ अशा मोजणीला एन्क्रिप्ट करत जा. बाहेर पडणारे अंक एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या पंधरा चाचण्यांत उत्तीर्ण होतील, टेस्टयू०१ या चाचणीसंचातही होतील. पण किल्ली शून्य आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचा प्रत्येक बिट आधीच माहीत आहे. चाचणीला अंक दिसतात, ते आले कुठून हे दिसत नाही.

म्हणून तपासायचे ते कच्चे बिट, कंडिशनिंगच्या आधीचे. हॅश (बिट घुसळून काढणारी गणिती क्रिया) लावून बाहेर आलेल्या अंकांची चाचणी घेतली की तुम्ही हॅशचं कौतुक करता, नॉईजचं नाही. विक्रेता कच्चे बिट बघूच देत नसेल, तर मी ते यंत्र किल्ल्यांसाठी घेत नाही.

मिनिमम एन्ट्रॉपी हा काय प्रकार आहे?

हल्लेखोराने एकाच फटक्यात अंदाज बांधला तर तो बरोबर येण्याची शक्यता किती, याचं हे माप. समजा तुमच्या उगमातून १ हा बिट शंभरात साठ वेळा येतो. हल्लेखोर डोळे मिटून १ म्हणेल आणि ६० टक्के वेळा जिंकेल. हिशेब केला की दर कच्च्या बिटामागे सुमारे ०.७४ बिट मिनिमम एन्ट्रॉपी पडते. म्हणजे २५६ बिटांच्या सीडसाठी किमान ३४८ कच्चे बिट लागतील, तेही ते एकमेकांवर अवलंबून नसतील तर. प्रत्यक्षात निदान दुप्पट घ्यावेत.

सरासरीवर चालणारी शॅननची एन्ट्रॉपी याच उगमाला ०.९७ देते. पुस्तकातून तोच आकडा उचलून हिशेब केलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. गुप्ततेसाठी सरासरी पाहायची नसते, सगळ्यात वाईट दिवस पाहायचा असतो.

१ जास्त वेळा येत असेल तर फॉन नॉयमनची युक्ती पुरेल ना?

बिटांच्या जोड्या करायच्या: ०१ आली तर ० घ्यायचा, १० आली तर १ घ्यायचा, ०० आणि ११ टाकून द्यायच्या. वरच्या उदाहरणात हजार कच्च्या बिटांतून सरासरी २४० स्वच्छ बिट हाती लागतात. युक्ती सुंदर आहे, पण अट एकच: प्रत्येक बिट आधीच्या बिटापासून स्वतंत्र हवा. ०१०१०१ अशी लय देणाऱ्या बिघडलेल्या उगमाला ही युक्ती लावली तर बाहेर फक्त शून्यांची रांग येते.

घरी बनवून पाहता येईल का?

जरूर पाहा. या विषयात मी सर्वांत जास्त शिकलो ते ब्रेडबोर्डवरच.

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. कलेक्टर मोकळा सोडायचा आणि मोठ्या रेझिस्टरमधून बेस-एमिटर जंक्शनला उलटं व्होल्टेज द्यायचं. पाच व्होल्टवर काही घडत नाही. बारा व्होल्ट दिले की जंक्शन ब्रेकडाऊनमध्ये जातं आणि ऑसिलोस्कोपवर गवतासारखी नॉईजची पट्टी उभी राहते. तो सिग्नल वाढवायचा, कम्पॅरेटरमधून शून्य-एक करायचा आणि मायक्रोकंट्रोलरने वाचायचा.

माझ्या पहिल्या मांडणीत मी सेकंदाला हजार बिट वाचत होतो. शून्य आणि एक जवळपास निम्मे-निम्मे येत होते, मी खूश. मग प्रत्येक बिटाचं त्याच्या पुढच्या बिटांशी असलेलं नातं मोजलं. दर विसाव्या बिटाशी ते नातं स्पष्ट दिसलं, आणि दहाव्याशी बरोबर उलटं. हजारात वीस म्हणजे वीस मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ! भिंतीतली वीज ॲडॉप्टरमधून आत शिरत होती. मी मोजत होतो त्यात ट्रान्झिस्टरइतकीच घरची लाईन होती. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, सगळी मांडणी फराळाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केली, डबा अर्थ केला. ते नातं नाहीसं झालं.

शिकण्यासाठी हे उत्तम आहे. पण ग्राहकाच्या किल्ल्या अशा मांडणीतून काढू नका.

आर्डुइनो, ईएसपी३२, एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरांचं काय?

आर्डुइनोवर मोकळ्या ॲनालॉग पिनची किंमत वाचून सीड देण्याचा प्रघात सगळीकडे दिसतो. दहा बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा अंक करणारा भाग) जास्तीत जास्त १,०२४ किंमती देतो, आणि मोकळी पिन सहसा त्यातल्या थोड्याच दाखवते. एलईडी लुकलुकवायला ठीक, किल्लीला मुळीच नाही.

ईएसपी३२ मध्ये खरा हार्डवेअर जनरेटर आहे, पण एक अट बरेच जण वाचत नाहीत. वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असेल, किंवा नॉईजचा अंतर्गत उगम मुद्दाम सुरू केला असेल, तरच मिळणारे अंक खरे रँडम मानायचे. रेडिओ सुरू होण्याआधी किल्ली बनवणारा कोड मी दोन वेगवेगळ्या प्रकल्पांत पाहिला आहे.

एसटीएम३२ च्या अनेक चिपांत जनरेटरसोबत चूक दाखवणारे दोन झेंडे येतात, एक घड्याळासाठी आणि एक सीडसाठी. ते दर वाचनाला तपासा. पहिला अंक टाकून द्या आणि पुढचा प्रत्येक अंक मागच्याशी ताडून पाहा.

लिनक्सवर /डेव्ह/रँडम वापरू की /डेव्ह/यूरँडम?

दोन्ही लिनक्सकडून रँडम अंक घेण्याच्या वाटा आहेत. पण आजच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) प्रोग्रॅममधून सरळ ‘गेटरँडम’ ही सिस्टिम कॉल वापरा. ती २०१४ पासून आहे. जनरेटरला पहिलं पुरेसं सीड मिळेपर्यंत ती थांबते, नंतर कधीच थांबत नाही. जुन्या /डेव्ह/रँडमचं मधेच अडकणं २०२० च्या ५.६ कर्नलपासून गेलं. ‘एन्ट्रॉपी वापरून संपते’ ही समजूतही त्याच्यासोबत सोडून द्यायला हरकत नाही. चांगलं सीड मिळालेला जनरेटर अंक काढल्याने रिता होत नाही.

पायथॉनमध्ये पासवर्ड, टोकन यांसाठी ‘सीक्रेट्स’ मॉड्यूल वापरा. ‘रँडम’ मॉड्यूल वापरू नका. त्यामागे मर्सेन ट्विस्टर आहे आणि त्याचे ३२ बिटांचे ६२४ अंक ओळीने पाहिले की पुढचे सगळे काढता येतात.

इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमधल्या जनरेटरवर विश्वास ठेवावा का?

एकट्यावर नाही. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून ‘आरडीरँड’ ही सूचना दिली. आत एक सर्किट शून्य आणि एकच्या मधोमध तोलून सोडलेलं असतं आणि उष्णतेचा नॉईज त्याला कुठल्यातरी एका बाजूला पाडतो. रचना चांगली आहे. पण चिपच्या पोटात काय चाललंय हे बाहेरून पाहता येत नाही.

२०१३ मध्ये ही शंका ऐरणीवर आली. ड्युअल ईसी डीआरबीजी या एनआयएसटीच्या प्रमाणित जनरेटरमध्ये मागचं दार असू शकतं, हे २००७ मध्येच दोन संशोधकांनी दाखवलं होतं. अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदपत्रांनी तो संशय बळावला आणि २०१४ मध्ये एनआयएसटीने तो जनरेटर मानकातून काढला. त्याच काळात फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ठरवलं की प्रोसेसरचे अंक थेट न वापरता इतर उगमांसोबत मिसळूनच वापरायचे. लिनक्सही मिसळतंच.

घातपाताचा संशय बाजूला ठेवला तरी साधा बिघाड होतोच. २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतल्या प्रोसेसरांवर आरडीरँड ‘यशस्वी’ असा झेंडा दाखवून दर वेळी सगळे बिट १ असलेला अंक देत होती. काही लिनक्स यंत्रं त्यामुळे सुरूच होईनात, तेव्हा ते लक्षात आलं. फर्मवेअर बदलून ते दुरुस्त झालं. मिसळण्याचा फायदा इथे दिसतो: चार उगमांतला एक मेला तरी बाकी तीन किल्ली तारतात.

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळा धोका आहे का?

आहे, तो म्हणजे नकलेचा. चालू मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची हुबेहूब प्रत) घेतला की जनरेटरची आतली स्थितीही नकलली जाते. त्या स्नॅपशॉटमधून दहा मशीनं उठवली, तर पुन्हा सीड मिळेपर्यंत दहाही तेच अंक देऊ शकतात. खालच्या खऱ्या यंत्राकडून रँडम अंक पुरवणारं व्हर्टआयओ-आरएनजी जोडलेलं आहे का पाहा. एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीच्या) होस्ट किल्ल्या मूळ प्रतिमेत ठेवू नका. त्या प्रत्येक मशीनवर नव्याने बनवा.

क्वांटम जनरेटर घेतला की सगळं निर्धास्त?

उगम समजायला तो सर्वांत स्वच्छ, हे मान्य. एक फोटॉन आरशातून पार जाईल की परावर्तित होईल, हे आधी सांगण्याचा मार्ग भौतिकशास्त्रात नाही. पण फोटॉन मोजणारा डिटेक्टर, ॲम्प्लिफायर, एडीसी हे सगळं नेहमीचंच इलेक्ट्रॉनिक्स आहे. त्याला तापमान लागतं, वय लागतं, ५० हर्ट्झ लागतो. चाचण्या तेवढ्याच कसोशीने हव्यात. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. त्यामुळे या क्षेत्रात यायची इच्छा असलेल्या मराठी विद्यार्थ्यांना फार दूर जायला नको.

माझं सिम्युलेशन आहे. मला हार्डवेअर जनरेटर हवा का?

बहुधा नको. तुम्हाला गुप्तता नको आहे, तुम्हाला तोच प्रयोग पुन्हा करता यायला हवा. निकाल विचित्र आला तर तेच सीड देऊन तीच धाव पुन्हा चालवता आली पाहिजे, मार्गदर्शकांनाही त्यांच्या संगणकावर ती मिळाली पाहिजे. हार्डवेअरचे अंक एकदा वापरले की गेले. हार्डवेअरकडून फार तर एक सीड घ्या आणि ते वहीत लिहून ठेवा.

पण चांगला सॉफ्टवेअर जनरेटर निवडण्यात हयगय करू नका. १९६० च्या दशकातला आयबीएमचा रँडू वर्षानुवर्षं वापरात होता. त्याचे तीन-तीन अंक घेऊन घनात बिंदू मांडले की ते सगळे फक्त १५ प्रतलांवर बसतात, मधली जागा मोकळी. हवेत विखुरलेली धूळ समजून आपण पुस्तकाची पानं मोजत असतो. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. चुंबकत्वाच्या आयसिंग मॉडेलवर वोल्फ अल्गोरिदम चालवताना त्या काळी चांगला मानला जाणारा आर२५० जनरेटर चुकीचं उत्तर देत होता. हे कळलं, कारण द्विमितीय आयसिंगचं अचूक उत्तर आधीच माहीत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी माहीत नसतं. म्हणून अंतिम आकडे दोन वेगळ्या घराण्यांच्या जनरेटरांवर काढून ताडून पाहा.

पायथॉनच्या नमपाय लायब्ररीत २०१९ पासून नव्या पद्धतीत पीसीजी६४ हा जनरेटर येतो, तो बहुतेक कामांना पुरतो. शंभर कोअरवर चालवायचं असेल तर सीड १, २, ३ असं हाताने न देता ‘सीडसिक्वेन्स’ने फोडा किंवा फिलॉक्ससारखा मोजणीवर चालणारा जनरेटर घ्या.

सोडतीसाठी कोणता वापरतात?

ब्रिटनच्या प्रीमियम बाँडची (व्याजाऐवजी सोडतीतून बक्षिसं देणाऱ्या सरकारी बचत योजनेची) सोडत काढणारं एर्नी हे यंत्र जून १९५७ पासून काम करतं. पहिलं एर्नी दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडणारं कोलॉसस यंत्र बांधणाऱ्या टॉमी फ्लॉवर्स यांच्या टपाल खात्यातल्या चमूने केलं. त्यात निऑन नळ्यांचा नॉईज होता. २०१९ मध्ये आलेलं पाचवं एर्नी प्रकाशाच्या क्वांटम गुणावर चालतं आणि आधी नऊ तास घेणारं काम बारा मिनिटांत उरकतं. दर महिन्याच्या अंकांची तपासणी वेगळं सरकारी खातं करतं. ही बाहेरची नजर मला यंत्राइतकीच मोलाची वाटते.

ती का मोलाची, ते अमेरिकेत दिसलं. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन यानेच जनरेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये असा कोड घातला की वर्षातल्या ठरावीक दिवशी अंकांचा अंदाज बांधता यावा. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. आपल्याकडे म्हाडाची घरं संगणकीय सोडतीने मिळतात. तिथे रांगेत असलेल्या कुटुंबाने ‘अंक आले कुठून आणि तपासले कुणी’ असं विचारणं अगदी रास्त आहे.

एनआयएसटी दर मिनिटाला ५१२ रँडम बिट जाहीर करते. तेच किल्लीसाठी घेऊ का?

नको. ते सगळ्या जगाला दिसतात. सोडतीला, नमुने निवडायला ते चांगले, कारण तिथे सगळ्यांना दिसणं हाच फायदा असतो.

बाहेरून जनरेटरवर हल्ला करता येतो का?

येतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये वीजपुरवठ्यावर ठरावीक वारंवारतेचा सिग्नल चढवून रिंग ऑसिलेटर त्याच्या तालाला बांधून दाखवले. ठोक्यांमधली थरथर गेली की अनिश्चितताही गेली. थंडी, गरमी, कमी व्होल्टेज यांनीही असंच होऊ शकतं, हल्लेखोराची गरजच नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात शेतातल्या पत्र्याच्या पेटीत उपकरण ठेवायचं असेल, तर खोलीच्या २५ अंशांवरची चाचणी पुरेशी नाही.

शेवटची खात्री करायला एकच चाचणी करायची असेल तर कोणती?

बंद-चालूची.

काही वर्षांपूर्वी ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरांची एक तुकडी माझ्यासमोर आली. बनवणाऱ्यांचं नाव इथे महत्त्वाचं नाही. प्रत्येक कंट्रोलर कारखान्यात पहिल्यांदा चालू झाला की स्वतःची किल्ली बनवायचा, आणि तिचा ठसा क्यूआर कोडच्या स्टिकरवर छापला जायचा. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने एक स्टिकर स्कॅन केला. पडद्यावर आलं: ‘आधीच नोंदलेलं’. तिला वाटलं आपण चुकून दोनदा स्कॅन केलं. तिने पुढचा घेतला. तासाभराने पुन्हा तेच. या वेळी तिने दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि स्टिकर अक्षर-अक्षर ताडून पाहिले. दोन वेगळी यंत्रं, एकच किल्ली. जनरेटरचं घड्याळ स्थिर होण्याआधी कोड त्याला वाचत होता, चूक दाखवणारा झेंडा कुणी पाहत नव्हतं आणि हाती फक्त सुरू होण्याच्या वेळेची मोजणी उरत होती. तिने तो दुसरा डबा बाजूला ठेवला नसता, तर ती तुकडी शेतांत पोहोचली असती.

एनआयएसटीच्या ८००-९०बी या २०१८ च्या मार्गदर्शिकेत नेमकी यासाठी चाचणी आहे. एका दमात दहा लाख कच्चे बिट घ्यायचे, ते वेगळे. त्याशिवाय उगम हजार वेळा बंद करून चालू करायचा आणि प्रत्येक वेळचे पहिले हजार बिट नोंदवायचे. ते एकाखाली एक मांडले की हजार ओळी आणि हजार स्तंभांचा तक्ता होतो. मग तो आडवा तपासायचा आणि उभाही. आडव्या ओळी एकेकट्या निर्दोष दिसू शकतात. त्या कंट्रोलरांच्याही दिसल्या. स्तंभ उभा वाचला तेव्हा पहिल्या चोवीस स्तंभांत वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच अंक होता.